दाण्याएवढा भार

उत्रोलीच्या रस्त्याला एक जुनी पोल्ट्री आहे. तिथे आम्ही विमान बांधतो. हे मी भोरमध्ये ज्याला ज्याला सांगितलं, त्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग कोंबड्यांचं काय केलं म्हणून विचारलं. कोंबड्या कधीच गेल्या. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्यांचा वास तेवढा परत येतो. विमान म्हणजे मुंबईला उतरतं तसलं धूड नव्हे. दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतील एवढं हलकं, कापडाच्या अंगाचं. आत सांगाडा, त्यावर ताणून चिकटवलेलं कापड, कापडावर रंग. आमचे साहेब हवाई दलातून निवृत्त झालेले आणि निवृत्ती अजिबात न मानवलेले. मी त्यांची डिझायनर. पंख माझे. पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारे जे भाग असतात, ज्यांच्या जोरावर विमान वळतं, चढतं आणि उतरतं, तेही माझे.

मी लग्न केलं नाही. गावात म्हणतात, हिने विमानाशी लावलं. म्हणोत बापडे. विमानाला निदान सकाळचा डबा लागत नाही.

गाव म्हणजे पासली. वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या मागच्या अंगाला. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, तिथे भात पिकवायचे. विमानाचं कुठे शिकलीस असं कुणी विचारलं की मी कॉलेजचं नाव सांगते, पण ते अर्धंच खरं आहे. माझं शिक्षण आबांनी दिलेल्या इरल्याखाली सुरू झालं. लावणीच्या दिवसांत कामट्यांचं, पानांनी शाकारलेलं इरलं डोक्यापाठीवर घ्यायचं आणि वाकून चिखलात रोपं लावायची. खिंडीतून वारा आला की नवख्याचं इरलं उचललं जायचं आणि माणूस तोंडावर पडायचा. मी पडले. माझा भाऊ खदाखदा हसला. आबा हसले नाहीत. त्यांनी माझं इरलं पुढून बोटभर खाली दाबलं आणि म्हणाले, "वाऱ्याला पोट दावू नको बाय. पोट दावलं की त्यो उचालतोच." पुढे हेच मला मोठमोठ्या पुस्तकांतून परत शिकवण्यात आलं. तेव्हा मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात म्हणायची, एवढ्यासाठी इतकी पानं कशाला?

आबांना दुखणं लागलं ते पोटातलं. पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता त्यांना आवडेल ते खाऊ द्या. या वाक्याचा अर्थ कळायला डिझायनर असावं लागत नाही. पुण्याला जाणं-येणं पासलीहून झेपेना, म्हणून मी त्यांना भोरला माझ्याकडे आणलं. दिवसभर खोलीत एकटं बसून ते कावायचे. बाजारपेठेत बसायला घेऊन गेले तर म्हणाले, हितली मान्सं लई बोलत्यात. शेवटी मी त्यांना रोज कारखान्यात न्यायला लागले. त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची खिडकीपाशी टाकली. साहेब त्यांना "आबासाहेब" म्हणायचे आणि स्वतःच्या हाताने चहा द्यायचे. आबा तो चहा बशीत ओतून प्यायचे आणि समोर चाललेलं काम शेत बघावं तसं बघायचे, न बोलता, कुठे काय कमी पडतंय ते हेरत.

विमान जवळजवळ तयार होतं. पावसाळा सरला की दसऱ्याच्या सुमाराला पहिलं उड्डाण करायचं ठरलं होतं. आमच्याकडे डोंगर, म्हणून उडवायचं बारामतीच्या बाजूच्या सपाट मुलखात, तिथल्या धावपट्टीवर. चाचणीचा पायलट बाहेरून यायचा होता. त्याचे दिवस आणि धावपट्टीचे दिवस जुळवून साहेबांनी तारीख घेतली होती.

"मला न्यायचं तितं," आबा म्हणाले.

"नेते की."

"जीप करून न्यायचं. यष्टीत मला बसवत न्हाई आता."

"जीप करू आबा."

"मंग झालं," म्हणाले. "तेवढं बगितलं की माझं काय न्हाई."

आबांनी जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी शिकायला पुण्याला गेले तेव्हा घरच्यांनी डोक्यावर घेतलेलं आकाश याच माणसाने खाली उतरवलं होतं. आणि आता मागून मागितलं काय, तर लेकीचे पंख हवेत धरतात का ते बघायचं. मी त्या दिवसापासून कॅलेंडरकडे बघणं सोडून दिलं.

त्याच आठवड्यात आम्ही रडर तोलत होतो. रडर म्हणजे शेपटीला उभा असतो तो भाग, होडीच्या सुकाणूसारखा. तो तोलायचा म्हणजे आडवा धरून बिजागरीच्या दोन टोकांवर ठेवायचा. पुढच्या बाजूला शिशाचा तुकडा बसवलेला असतो. तो एवढा आणि असा हवा की रडर ना पुढे कलंडेल ना मागे. तराजूच्या काट्यासारखं सरळ राहायला हवं. मागे जड झालं तर वेगात ते थरथरायला लागतं. कात्रजच्या घाटात टेम्पोवरची ताडपत्री सुटली की कशी फडफडते, तसं. फक्त ताडपत्री फाटली तर माल भिजतो, आणि इथे शेपूटच तुटून जाते.

आबा खुर्चीवरून उठून जवळ आले. "हे तुमच्या इमानाचं शिंग व्हय?"

"शिंग नाही, रडर."

"शेपटाला शिंग! तुमची तऱ्हाच उलटी."

सगळे हसले आणि रडरचं नाव शेडमध्ये शिंग पडलं. तोल दाखवायला मी आबांच्या डब्यातल्या भाताची दोन शितं घेणार होते, पण ती चिकट म्हणून कागदाच्या पुडीतले कोरडे तांदूळ घेतले. रडर टोकांवर आडवं, सरळ तोललेलं होतं. मी त्याच्या अगदी मागच्या कडेवर तांदळाचे दाणे एकेक करून ठेवले. पहिल्याने काही झालं नाही. मग ते हलकेच, झोप लागल्यासारखं, मागे झुकलं.

आबांनी तोंडावर हात ठेवला. "दाण्याएवढा भार कळतोय त्याला?"

"कडेला ठेवलेला कळतो. लांबचा भार जास्त लागतो."

"कावडीवानी," ते म्हणाले, आणि दाणे उचलून परत ठेवून बघितले, परत उचलले. लहान मुलाला नवं खेळणं मिळावं तसा त्यांचा दिवस गेला. मी पण खूश होते. माझं काम मी बापाला इतक्या सोप्या रीतीने कधी सांगू शकले नव्हते.

रडरला पांढरा रंग देऊन, तोलून, ते भिंतीपाशी चादर घालून उभं केलं. आबा जाता-येता चादर वर करून बघायचे. एकदा म्हणाले, "समदं पांढरंच ठेवायचं?"

"हो. उन्हात पांढरा बरा."

"कोरं कपाळ घिऊन आभाळात जायचं म्हंजे," एवढंच म्हणाले आणि चादर खाली सोडली. मी हसून कामाला लागले. आई गेल्यापासून आबांना पांढरं काही दिसलं की असं काहीतरी सुचायचं.

मग पोळा आला. आमच्या फिटर मंडळींत एक-दोघांकडे अजून बैल आहेत, तेव्हा दुपारनंतर शेड रिकामी. आबांकडे बैल नव्हते. पॉवर टिलर आला तेव्हा भावाने शेवटची जोडी विकली, आणि त्या वर्षीच्या पोळ्याला आबांनी टिलरचे दांडे लाल रंगवून त्याला नैवेद्य दाखवला होता. भाऊ चिडला होता. आम्ही बाकीच्यांनी ते वर्षभर हसण्यावारी नेलं. यंदा आबा म्हणाले, "मी बसतो हितं. तू पुरणाचं सामान घिऊन ये जा." मी भोरला गेले, डाळ-गूळ घेतला, वाटेत दोन माणसं भेटली, विमान कधी उडणार म्हणून चौकशी झाली. परत आले तेव्हा आबा खुर्चीवर शांत बसले होते. रडर भिंतीपाशी चादर घालून होतं तसंच होतं. मला काही दिसलं नाही. पोल्ट्रीतल्या दमट वासात रॉकेलचा वास पण आला नाही. घरी येऊन त्यांनी दोन घास पुरणपोळी खाल्ली, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा मागून खाल्ली.

पोळ्याला जोडून सुट्टी होती. आबा म्हणाले, भात निसवलं असंल, मला घरी सोड. लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत शेतकऱ्याला परक्या गावी धरून ठेवणं हे पाप आहे, म्हणून मी त्यांना पासलीला पोचवलं. भाऊ आणि वयनी दोघंही त्यांचं नीट करणारी. मी दसऱ्याला जीप घेऊन येते असं सांगून परत फिरले.

शेड उघडली, चादर काढली आणि रडर जागेवर न्यायला उचललं. भिंतीकडची बाजू समोर आली. मागच्या कडेला, वरपासून खालपर्यंत, चार बोटं रुंद लाल पट्टा होता. त्यावर पिवळे ठिपके. वरच्या टोकाला एक बारीक फूल. बैलाच्या शिंगावर आबा काढायचे तेच फूल, तोच रंगाचा डबा, पासलीहून कापडी पिशवीत घालून आणलेला, आणि रंग पातळ करायला जपून ठेवलेल्या बाटलीतलं रॉकेल. एक थेंब इकडेतिकडे नाही. हात थरथरायला लागले होते त्यांचे तेव्हा. हे एवढं काम त्यांनी कसं केलं, किती वेळा बसून, किती वेळा दम घेऊन, ते मला अजून कळत नाही.

आधी मला हसू आलं.

रडर टोकांवर ठेवून बघायची गरज नव्हती, तरी ठेवलं. ते बदकन मागे पडलं. रंगाचा थर सगळा कडेला, म्हणजे बरोबर जिथे नको तिथे. ओला असता तर पुसून निघाला असता. आता तो वाळून पक्का झाला होता. एका कोपऱ्याला थिनर लावून बघितलं, तर खालचा पांढरा थर फुगला आणि कापड चिकटवलेला गोंद सुटायला लागला. रॉकेल आधीच आत उतरलं होतं. बिजागरीच्या पुढचा भाग पत्र्याचा आहे. आबांचा हात वीतभर पुढे पडला असता तर मी तो रंग चिंधीने पुसून मोकळी झाले असते. पुसलाही नसता. पुढे थोडा भार चालतो. मी फूल तसंच ठेवलं असतं.

साहेब आले, त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "पुढे शिसं वाढव. सुंदर दिसतंय. राहू दे आबासाहेबांचं. तारीख सोडायला नको."

साहेबांना माहीत होतं मी कशासाठी त्या तारखेवर जीव टांगलाय. ते माझ्यासाठीच म्हणत होते. मी कागद घेऊन बसले. शिसं वाढवून तोल साधता येत होता, शेपूट जड होत होती, तेही कसंबसं सांभाळता आलं असतं. पण कडेचा गोंद? तो वाऱ्यात धरेल असं मी लिहून देऊ शकत नव्हते. त्या सीटवर बसणारा पायलटही कुणाचा तरी मुलगा आहे. मी दुपारपर्यंत तिथेच बसून राहिले. स्वतःशी खूप भांडले. आबांच्या बाजूने बोलणारी मीच आणि विरुद्ध बोलणारीही मीच, आणि विरुद्धवाली प्रत्येक वेळी बरोबर. बरोबर असण्याची इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती.

"कापड बदलायचं," मी म्हणाले.

कापड बाहेरून येतं. ते मागवायचं, यायची वाट बघायची, मग ताणायचं, शिवायचं, थर द्यायचे, वाळू द्यायचे, परत तोलायचं. दसरा गेलाच. पायलटचे पुढचे दिवस दिवाळीनंतरचे मिळाले. जुनं कापड मीच कापून काढलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. लाल पट्टा अख्खा निघाला. मी तो गुंडाळून घरी नेला आणि कपाटात साड्यांच्या वर ठेवला.

आबांना मी फोन केला. मोबाईल वयनी त्यांच्या कानाला धरायची.

"आबा, पायलटला ताप आलाय. थोडं पुढं गेलं."

"आरं तिच्या! लई हाय का ताप?"

"आहे थोडा. डेंग्यू म्हणतात."

"त्याला पपईच्या पानांचा रस दे म्हनावं." आणि मग, "शिंग बगितलंस?"

"बघितलं की. लई झ्याक रंगवलंत."

"ठेवलंय न्हवं तसंच?"

"तसंच ठेवलंय," मी म्हणाले.

मी त्यांना काय सांगायला हवं होतं? तुमच्या हातानेच तुमचं बघणं लांबवलंत, हे मरणाच्या दारात असलेल्या माणसाला सांगायचं? मला ते जमलं नसतं आणि आज विचारलं तरी जमणार नाही. रोज संध्याकाळी फोन केला की ते आधी पायलटच्या तापाची चौकशी करायचे. गावच्या देवाला त्याच्या नावाने नारळ फोडला म्हणून वयनीने सांगितलं. बिचारा पायलट तिकडे ठणठणीत होता आणि इकडे माझ्या बापाने त्याच्यासाठी देव पाण्यात घातले होते. फोन ठेवला की मी रागाने भांडी घासायची.

मध्येच एकदा भाऊ औषधं न्यायला भोरला आला आणि माझी वाट बघत शेडमध्ये येऊन बसला. रडर टेबलावर होतं, कापड काढलेलं, नुसत्या बरगड्या. "हे सोलून का ठेवलंय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कापड बदलतोय. त्याने मान हलवली, चहा घेतला आणि औषधं घेऊन गेला. माझा भाऊ असाच. विचारेल तेवढंच, आणि बघेल ते घरी जाऊन जसंच्या तसं सांगेल.

त्यानंतर आबांनी फोनवर पायलटचा ताप विचारणं बंद केलं. मला वाटलं, थकलेत. "बरं हाय, बरं हाय," एवढंच म्हणायचे. पुढे तेही वयनीच म्हणायला लागली.

भात कापणीला आलं होतं तेव्हा आबा गेले. दिवाळी तोंडावर होती. मी पोचले तेव्हा त्यांना ओटीवर काढून ठेवलं होतं. बाहेर शेत सगळं पिवळं झालं होतं आणि कापायला कुणी नव्हतं, सगळं गाव आमच्या दारात. मी त्यांच्या पायाशी बसून मोठ्याने रडले. पासलीत मी शिकलेली म्हणून माझ्याकडून कुणाची तशी अपेक्षा नव्हती, पण मला दुसरं काही करता येईना.

दहाव्याला गावाखालच्या नदीवर गेलो. वयनी घरी स्वयंपाकाला थांबली. पिंड ठेवले आणि आम्ही मागे सरून बसलो. समोरच्या उंबरावर कावळे होते. एक खाली आला, दगडावर बसला, मान वाकडी करून बघितलं आणि परत झाडावर गेला. फांदीवर उतरताना त्याने शेपूट पंख्यासारखी उघडली, कडेची पिसं जराशी वळवली. मी बघत होते. अशा वेळीही मला तेच दिसतं, त्याला मी काय करू?

"काय तरी राहिलंय आबांचं," लोक म्हणायला लागले. "बोला, कबूल करा."

भाऊ उठून हात जोडून म्हणाला, "आबा, खालचं शेत मी पडीक ठेवणार न्हाई." कावळा हलला नाही. "हिरीवर पंप बसवतो." नाही. चुलते म्हणाले, देवाला जत्रा करू. नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कावळ्याबिवळ्यावर विश्वास ठेवणारी नव्हे. तरी उठले. नदीकडे तोंड करून म्हणाले, "आबा, विमान उडणार. मी उडवते. तुमी बघाल तिथून." इतक्या मोठ्याने म्हणाले की पलीकडच्या काठावरच्या म्हशींनी माना वर केल्या. कावळे झाडावरच राहिले. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. गवताची एक गाठ, तिला पंख नाहीत, शेपूट नाही. सगळा जन्म पंख करण्यात घालवणाऱ्या लेकीच्या बापाला न उडणारा कावळा शिवला.

दिवाळीनंतर विमान उडालं. मी धावपट्टीच्या कडेला उभी होते. ते पळत गेलं, चाकं सुटली आणि ते वर गेलं. इतकं सहज, की मला क्षणभर त्याचा रागच आला. वळताना शेपूट उन्हात चमकली, पांढरी स्वच्छ. पायलट उतरून म्हणाला, "रडर फारच गोड आहे हो, बोटावर वळतं." साहेबांनी मला मिठी मारली आणि ते स्वतःच रडले. मी मोबाईलवर सगळं टिपलं होतं. दुसऱ्या दिवशी ते घेऊन पासलीला गेले. कपाटातला लाल पट्टाही बरोबर घेतला, आबांच्या फोटोमागे ठेवावा म्हणून.

भाऊ खळ्यावर होता. वयनी पडवीत बसून तांदूळ पाखडत होती. तिने हात पुसून मोबाईल घेतला, विमान वर जाताना "अगं बाई" म्हणाली, आणि पदराने डोळे टिपले. मग सूप परत मांडीवर घेतलं.

"वन्सं, तुमास्नी सांगावं का न्हाई म्हनून राहिलं हुतं," ती म्हणाली. "आबा शेवटी शेवटी भ्रमात गेलते. सारखं राकेलची चिंधी मागायचे. शिंगं पुसायचीत म्हनायचे. मला उत्रोलीला न्या, एवढं पुसून येतो. म्या म्हनलं, आबा, बैल इकून किती वर्सं झाली, आन् बैल उत्रोलीला कुठं? तर म्हनायचे, लई भार झालाय, दाण्याएवढा बी चालत न्हाई तितं."

सुपातले तांदूळ वर जात होते आणि खाली येत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"हे औषदं घिऊन आले न्हवं भोरासनं, तवापासनं. ह्यांनी तुमच्या कारखान्यातलं सांगितलं, काय तरी सोलून ठेवलंय म्हनून, त्ये आयकून गप झाले ते झालेच. आन् मला म्हनले, बायला फोनवर ह्यातलं काय बोलू नको. ती पायलटला ताप हाय म्हनतीया, म्हनू दे."

मी कागदात गुंडाळलेला पट्टा मांडीवर घट्ट धरला होता. तो उघडायचा धीर झाला नाही.

"दिलीत का चिंधी?"

"दिली की. राकेल कुठलं आता? रेशनवर बंद होऊन किती दिस झालं. कोरडीच दिली. ती घिऊन वाकळेची कड पुसत बसायचे. मागली कड, पायाकडची. पार धागं निघालं हुतं तिचं."

"कुठे आहे ती वाकळ?"

"ती तर त्याच दिशी नदीला सोडली, वन्सं. मेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत न्हाईत."

ती पुन्हा पाखडायला लागली. मी अंगणाच्या पलीकडे, कापून झालेल्या शेताकडे बघत बसले. घाटावर आम्ही कावळ्याला शेत सांगितलं, पंप सांगितला, जत्रा सांगितली. विमान उडवते म्हणून मी ओरडून सांगितलं. आबांना विमान बघायचं राहिलंच नव्हतं. त्यांना तेवढा रंग पुसायचा होता, आणि आम्ही तेवढं सोडून सगळं कबूल केलं.